तलंग अंड्यावर कधी येते?

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून. एका ताईंनी पाठवली आहे. त्या म्हणतात, "जुलैच्या मध्यावर वनराजाची एक दिवसाची आठ पिल्लं आणली. विकणारा म्हणाला, चार महिन्यांत अंडी. आता डिसेंबर अर्धा संपला. दाणा संपतोय, अंडं एकही नाही. घरात ठरलंय, येत्या रविवारी दोन कापायच्या. काय करू?"

ताई, रविवार पुढे ढकला. का, ते सांगतो.

अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीला आपल्याकडे तलंग म्हणतात. ती अंड्यावर कधी येणार, हे आधी तिच्या जातीवर ठरतं. मोठ्या फार्मवरच्या पांढऱ्या लेअर कोंबड्या १८ ते २० आठवड्यांत अंडी देतात. "चार-साडेचार महिने" हा आकडा तिथून येतो आणि विकणारा तो सगळ्यांनाच चिकटवतो. वनराजाला साधारण २४-२५ आठवडे लागतात. कडकनाथला सहा महिने. गावठी कोंबडी सहा-सात महिनेही घेते. ताईंच्या कोंबड्या आज २२ आठवड्यांच्या आहेत. म्हणजे उशीर झालेलाच नाही!

दुसरी गोष्ट उजेड. कोंबडीला उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही. तो कवटीतून आत जातो आणि मेंदूतल्या काही पेशींना दिवस किती मोठा आहे ते समजतं. दिवस मोठा होत गेला की अंड्यासाठीचे हार्मोन्स सुटायला लागतात. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात जेमतेम ११ तासांचा. जुलैत जन्मलेलं पिल्लू आकसत जाणाऱ्या दिवसांत वाढतं, त्यामुळे थोडं रेंगाळतं. २२ डिसेंबरनंतर दिवस परत वाढायला लागतो. संक्रांतीला दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात ना, तेव्हा ताईंच्या तलंगा बरोबर सहा महिन्यांच्या होतील.

मग कॅलेंडर सोडून बघायचं काय? कोंबडीकडे बघा.

एक, तुरा. फिकट गुलाबी तुरा मोठा आणि लालभडक होतो. चोचीखालच्या पाळ्याही लाल होतात. कडकनाथचा तुराच काळपट, तिथे ही खूण चालत नाही.

दोन, बसणं. पाठीवर हात ठेवला की ती पळायच्या ऐवजी पंख जरा पसरून खाली दबते. हे दिसलं की बहुतेक वेळा अंडं फार लांब नसतं.

तीन, हाडं. शेपटीखाली दोन टोकदार हाडं हाताला लागतात. लहान तलंगेत मध्ये जेमतेम एक बोट बसतं. दोन-तीन बोटं बसली, तर ती तयार आहे.

चार, जागा शोधणं. कोपऱ्यात जाऊन उकरते, टोपलीत बसून बघते, आवाजही बदलतो.

आता घाई करायचा मोह होतो, तो आवरा. आमच्या कामात डेडलाइन आधी ठरते आणि काम तिच्यामागे धावतं. कोंबडीत तसं केलं तर कोंबडीच जाते. शरीर पूर्ण वाढायच्या आत अचानक रात्रभर दिवा लावला, तर अंडी बारीक येतात, अंडं अडकतं, कधी मागचा भाग बाहेर येतो. दिवा लावायचाच असेल तर २० आठवड्यांनंतर, पहाटे, आठवड्याला अर्धा तास वाढवत, एकूण १४ तासांपर्यंत. रात्रीची झोप तिला हवीच.

कॅल्शियमचंही तसंच. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. पहिल्या अंड्याच्या आधी सुमारे दोन आठवडे कोंबडी आपल्या हाडांत त्याचा साठा करायला लागते. पण खूप आधीपासून लेअर फीड घातलं तर जास्तीचं कॅल्शियम किडनीवर येतं. म्हणून खुणा दिसेपर्यंत वाढीचं खाद्य, पहिलं अंडं आलं की लेअर फीड. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला लागेल ती खाईल.

कापायच्या आधी आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, ती कोंबडीच आहे ना? एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी बहुधा मिसळून येतात. आरवणारा अंडं देणार नाही, त्याचा रस्सा करायला माझी हरकत नाही. दुसरी, अंडी आधीच सुरू झाली नाहीत ना? मोकळी फिरणारी कोंबडी सरपणात, गवताच्या गंजीत, जुन्या टायरमध्ये गुपचूप अंडी घालते. दोन-तीन दिवस दुपारपर्यंत कोंडून ठेवा. खुराड्यात अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढ्याची टोपली ठेवा आणि त्यात एक लाकडी अंडं किंवा टेबल टेनिसचा चेंडू. तिला जागा कळते.

पहिली अंडी लहान असतील. एखादं मऊ कवचाचं, एखादं दोन बलकांचं निघेल. घाबरू नका, काही आठवड्यांत बसतं. कोंबडा नसला तरी अंडी येतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. आणि रोज एक अशी अपेक्षा ठेवू नका. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, म्हणून वेळ रोज पुढे सरकते आणि मध्ये एक दिवस सुट्टी पडते. परसातली वनराजा वर्षाला साधारण १०० ते ११० अंडी देते.

आठ महिने उलटले तरी काही नाही, तर वजन बघा, पिसांत उवा बघा, जंतांचं औषध कधी दिलं ते आठवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तोपर्यंत सुरी ड्रॉवरमध्येच राहू दे. पाच महिने दाणा घालून आठवडाभर आधी कापली, तर अंडंही गेलं आणि दाण्याचे पैसेही.

तुमच्याकडच्या तलंगा कोणत्या जातीच्या आणि किती आठवड्यांत अंड्यावर आल्या, व्हॉइस नोट करून सांगा. भेटू पुढच्या भागात!