सुट्टीतील हस्तोद्योग आणि घरची गोधडी
(केंद्रातील शिक्षकांच्या मासिक परिषदेत झालेले भाषण)



दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. या सुट्टीत मुलांना कोणता हस्तोद्योग द्यावा याविषयी मी चार शब्द बोलावे, अशी आपली आज्ञा झाली. मी या विषयातील तज्ज्ञ नव्हे. खेड्यांतील शाळांत माझी नोकरी झाली. तेथे जे हातून बरे झाले आणि जे चुकले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

सुट्टी लागण्याच्या दिवशी आपण फळ्यावर एक यादी लिहितो. आकाशकंदील, शुभेच्छापत्र, कागदी फुले, तोरण. मुले ती वहीत उतरवून घेतात. पुढे काय होते हे आपणांस ठाऊक आहे. ज्याच्या घरी पैसा आहे तो तालुक्याच्या बाजारातून चकचकीत कागद, डिंकाची बाटली व टिकल्या आणतो, थोरला भाऊ ते सारे चिकटवून देतो आणि सुट्टीनंतर त्या वस्तूचे वर्गात कौतुक होते. ज्याच्या घरी पैसा नाही तो सुट्टीनंतर दोन दिवस शाळेकडे फिरकतच नाही. हस्तोद्योग म्हणून आपण जे देतो ते पुष्कळदा केवळ खरेदीचे काम असते.

आकाशकंदिलाला माझा विरोध नाही. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि घरी शिजवलेली कणकेची खळ एवढ्यावर तो उत्तम होतो. किल्ल्याला तर माती व दगड पुरतात. वर हळीव पेरले की थोड्याच दिवसांत हिरवळ दिसू लागते. परंतु ही कामे मुले आपण न सांगताही करतात. जे सांगितल्यावाचून आता होणार नाही, आणि ज्याचे शिक्षक घरोघरी बसलेले आहेत, असे एक काम म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात, लहान मुलाची असेल तर दुपटे म्हणतात.

गोधडी कशी होते हे आपण लहानपणापासून पाहिले आहे, पण शिक्षकाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले असेल. जुनी लुगडी, धोतरे, सदरे उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावयाची. शिवणी उसवून कापड सरळ करावयाचे. जे विरले आहे ते मधल्या थरांत, जे मऊ व धड आहे ते अंगाच्या बाजूस. सारवलेल्या जमिनीवर थर पसरून कडा आत मुडपावयाच्या, लांब कच्चे टाके घालून थर हलणार नाहीत असे करावयाचे आणि मग कडेपासून धावदोरा घालीत, एकेक फेरा आत घेत, मध्यापर्यंत जावयाचे. कोपऱ्यावर वळताना कापड ओढले जाऊ नये, यातच सगळे कसब आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया याच रीतीने कडेपासून आत शिवीत जातात. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. बंगालमधील कांथाही जुन्या साड्यांचीच. वापरलेले वस्त्र टाकून न देण्याची ही बुद्धी आपल्याच गावापुरती नाही, हे मुलांना अवश्य सांगावे.

आता यातील गणित पाहा. गोधडी १८० सेंटिमीटर लांब व १२० सेंटिमीटर रुंद आहे आणि दोन फेऱ्यांत २ सेंटिमीटरांचे अंतर आहे, असे धरू. कडेचा पहिला फेरा ६०० सेंटिमीटरांचा. पुढचा प्रत्येक फेरा मागच्याहून १६ सेंटिमीटरांनी कमी. असे तीस फेरे झाले म्हणजे एकूण शिवण ११,०४० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ११० मीटर भरते. चौथीच्या वर्गात परिमिती शिकविताना मी हे उदाहरण घालीत असे. उत्तर निघाले की मुले एकमेकांकडे पाहत. आपली आजी सुईने ११० मीटर चालून आली, हे त्यांच्या ध्यानीमनी नसे.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षणाचा विचार मांडला. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीस ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा आसपास मिळेल त्या साहित्यातूनच शिकविण्याची साधने उभी केली. हे आपण अध्यापनाच्या परीक्षेसाठी पाठ केले आहे. मीही केले होते, आणि तरीही चुकलो.

१९८४ सालची गोष्ट. सुट्टीनंतर चौथीतील एका मुलीने घडी केलेले, ठिगळांचे एक चौकोनी काहीतरी टेबलावर आणून ठेवले. मी म्हणालो, "कागदाचे काम सांगितले होते, या चिंध्या कशाला आणल्यास?" ती काही बोलली नाही. मी ते कपाटावर टाकले. आठ दिवसांनी तिचे आईवडील ऊसतोडीला गेले व तिलाही घेऊन गेले. गैरहजेरीची चौकशी करण्यास मी घरी गेलो, तो तिची आजी उंबऱ्याशी सुईत दोरा ओवीत होती. म्हणाली, "गुरुजी, बसकर बरं झालंय का? तुमच्या खुर्चीची पट्टी मोडलीया, गुरुजींना टोचतं म्हणून पोरीनं सात दिवस बसून केलं. कापड माझ्या लुगड्याचं हाय."

शाळेत परतून मी ते कपाटावरून काढले. टाके वाकडे होते, पण चारही कोपरे नीट वळलेले होते. मुलगी चैत्रात परत आली, तेव्हा ते माझ्या खुर्चीवर होते व तिने ते पाहिले. पुढच्या जूनमध्ये तिचे नाव पटावर राहिले. ती आली नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. यंदा यादीत गोधडी नको, ते मोठ्यांचे काम आहे. एक बसकर द्यावे. ४० सेंटिमीटरांचा चौकोन, चार-पाच थर. दोन सेंटिमीटरांच्या अंतराने दहा फेरे होतात व शिवण पावणेनऊ मीटरांच्या वर थोडी भरते. रोज अर्धा तास दिला तर सुट्टीत सहज पुरे होते. मुलगे व मुली दोघांनीही करावे. गावचा शिंपी पुरुषच असतो, याची मुलग्यांना आठवण द्यावी. आजकाल घरात सुती लुगडी उरली नाहीत, बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. ते कापड सुईखाली सरकते व घाम शोषीत नाही. ते मधल्या थरांस वापरावे, वरखाली जुना सदरा किंवा पंचा घालावा. बसकर कोणाकडून शिकलो, कापड कोणाचे होते व ते कोणत्या प्रसंगी घेतले होते, हे मुलाने दहा ओळींत लिहून आणावे. निबंधाला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही.

खाद्यपदार्थ करावयाचाच असेल तर चुलीपासून दूर राहून होणारा द्यावा. दोन वाट्या भाजलेले व सोललेले शेंगदाणे आणि एक वाटी चिरलेला गूळ खलबत्त्यात कुटला की दाण्यांना तेल सुटते व लाडू वळतो. तूप लागत नाही. तिळगुळासाठी गुळाचा पाक मात्र मुलांच्या हाती देऊ नये. तो अंगावर उडाला तर चिकटून राहतो व खोल भाजतो. भोगीच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, हरभरा, पावटा, वांगी, गाजर यांपैकी कोणते कोणाच्या शेतात आहे याची यादी वर्गात करून घ्यावी. भाजी घरी होतेच.

आपल्यापैकी ज्यांच्या गावांतून टोळ्या जातात त्यांनी सुट्टीची वाट पाहू नये. कोणती मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहणार व कोणती फडावर जाणार, हे आताच घरी जाऊन विचारावे. जाणाऱ्या मुलास कापलेले चौकोन, दोरा व एक सुई बरोबर द्यावी आणि ते काम परत आल्यावर घेऊ असे सांगावे. कोपीतही ते होऊ शकते. राहणाऱ्या मुलांची आजी एखाद्या दुपारी शाळेत बोलवावी व तिला खुर्ची देऊ नये, सतरंजीवर मुलांच्या मध्ये बसवावे. तिचे हात मुलांना जवळून दिसले पाहिजेत. सुया मात्र मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात.