जिनीव्हातील नकार



राजदूत म्हटला की गोड बोलणारा, कोणालाही न दुखविणारा गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्या अरुंधती घोष यांचे नाव मात्र एका नकारामुळे जगाला ठाऊक झाले.

त्यांचे शालेय शिक्षण आपल्या मुंबईत झाले. १९६३ साली त्या परराष्ट्रसेवेत शिरल्या, आणि १९९५ साली जिनीव्हाला भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. तेथील निःशस्त्रीकरण परिषदेत अणुचाचण्यांवर संपूर्ण बंदी घालणारा करार घडत होता. परिषदेचा दंडक असा की, निर्णय एकमतानेच व्हावयाचा.

आता अडचण पाहा. चाचण्या थांबवा, ही मागणी १९५४ साली पंडित नेहरूंनीच केली होती. १९९३ साली या कराराचा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला, त्याच्या पुरस्कर्त्यांतही भारत होता. मग १९९६ च्या जूनमध्ये त्याच भारताने सही का नाकारावी?

घोषबाईंचे म्हणणे असे की, स्फोट बंद झाले तरी मोठी राष्ट्रे प्रयोगशाळेत व गणकयंत्रांवर आपली अस्त्रे सुधारीत राहणार. ती नष्ट करण्याची मुदत मात्र एकही राष्ट्र बांधून घेणार नाही. शिवाय ठरावीक ४४ राष्ट्रांनी मान्यता दिल्याविना करार अमलात येऊ नये, असे कलम घातले गेले. त्या यादीत भारतही होता. नको म्हणणाऱ्यालाच दावणीला बांधण्याचा हा प्रकार झाला!

ऑगस्टमध्ये भारताने एकमत अडविले. तेव्हा ऑस्ट्रेलियाने मसुदा आमसभेपुढे नेला. १० सप्टेंबरला तो १५८ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. भारताच्या बाजूस फक्त भूतान आणि लीबिया!

१९९८ च्या मे महिन्यात पोखरणला भारताने चाचण्या केल्या. तत्त्वाच्या आड बाँबच दडला होता, हा आक्षेप आम्हांला अगदीच पोकळ वाटत नाही. पण अमेरिकेच्या सेनेटनेही १९९९ साली हा करार फेटाळला, आणि रशियाने दिलेली मान्यता २०२३ साली मागे घेतली, हेही विसरून चालणार नाही.

घोषबाई २०१६ साली निवर्तल्या. त्यांचा नकार योग्य की अयोग्य, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा. आम्ही एवढेच म्हणू की, देशाच्या वतीने नाही म्हणावयाचे तर त्याची कारणे सर्वांसमक्ष, कलमवार मांडावी लागतात. ती त्यांनी मांडली.