मोटारीची रात्रवस्ती

पाहुण्याला रात्रीं उतरावयास जागा द्यावयाची ती त्याच्या जनावरासकट, अशी आपल्याकडील जुनी रीत होती. बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव आणि महादेवाचें देऊळ आजहि पाहावयास मिळतात. घाट चढण्यापूर्वीं माणसानें विसावा घ्यावा आणि बैलानें पाणी प्यावें, हीं दोन्ही कामें अशा तलावांच्या कांठीं होत. १८३० सालीं घाटांतून चांगला गाडीरस्ता खुला झाला आणि गाड्यांची वर्दळ वाढली. वाटेंत मुक्काम करणारा गाडीवान वैरणीचे पैसे देई. परंतु गाडी सोडली व बैल बांधले एवढ्याबद्दल कोणी भाडें मागितलें असतें, तर तो मागणाऱ्याच्या तोंडाकडे पाहातच राहिला असता.

आतां बैलाची जागा मोटारीनें घेतली आहे. मोटारीला वैरण लागत नाहीं, पाण्याची बादली लागत नाहीं. रात्रीं ती हंबरत नाहीं कीं दावें तोडीत नाहीं. मग तिच्या रात्रवस्तीचें निराळें भाडें कशासाठीं, असा प्रश्न सुखवस्तु आणि सुशिक्षित कुटुंबांतहि मोठ्या त्वेषानें विचारला जातो. एकंदर खर्चाच्या मानानें रक्कम पाहिली तर क्षुल्लक असते. राग मात्र क्षुल्लक नसतो. हा राग कोठून येतो आणि त्यांत न्यायाचा भाग किती, हें पाहण्यासारखें आहे.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना तर हा प्रश्न विशेष लागू आहे. खालापूर तालुक्यांत खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथें २०१३ सालीं ‘इमॅजिका’ नांवाचें करमणुकीचें मोठें उद्यान निघालें, आणि २०१५ सालीं तेथेंच पाहुण्यांना उतरण्यासाठीं हॉटेल उघडलें. कर्जतच्या बाजूस नदीकांठीं आणि डोंगरांच्या कुशींत सुटीपुरतीं राहण्याचीं ठिकाणें पुष्कळ झालीं आहेत. मध्य रेल्वेची लोकल कर्जतला येते आणि खोपोलीलाहि येते. तरी लहान मुलें, वृद्ध माणसें आणि सामानसुमान घेऊन निघालेलें कुटुंब बहुधा मुंबई-पुणें द्रुतगती मार्गानें स्वतःच्या अथवा भाड्याच्या मोटारींतूनच येतें. म्हणजे पाहुणा आला कीं मोटार आलीच. पाहुण्यासाठीं खोली बांधावी लागते हें सर्वांना दिसतें. मोटारीसाठीं जमीन अडवावी लागते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

अशा उद्यानांचा नमुना अमेरिकेंतून आला, आणि या गाऱ्हाण्याचा स्पष्ट इतिहासहि तेथेंच सांपडतो. फ्लॉरिडा राज्यांतील ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ १९७१ सालीं सुरू झालें. तेथें कंपनीच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना मोटार ठेवण्याबद्दल निराळें कांहीं द्यावें लागत नसे. ४० वर्षांहून अधिक काळ चाललेली ही रीत २०१८ सालीं मोडली. त्या वर्षीं २१ मार्च रोजीं व त्यानंतर केलेल्या आरक्षणांवर दर रात्रीचें मोटारभाडें बसलें: स्वस्त हॉटेलांत १३ डॉलर, मध्यम हॉटेलांत १९ आणि उंची हॉटेलांत २४. तंबू ठोकून राहणाऱ्यांना तेवढी माफी होती. पुढें हे आंकडे थोडे वाढलेहि. विमानतळावरून पाहुण्यांना फुकट आणणारी कंपनीची बस होती, ती २०२२ च्या आरंभीं बंद पडली. तेव्हां विमानानें येऊन मोटार भाड्यानें घेणाऱ्यांनाहि या भाड्याची झळ लागूं लागली. अखेर जानेवारी २०२३ मध्यें कंपनीनें हें रात्रभाडें काढून टाकलें.

जे पाहुणे एका रात्रीच्या खोलीला शंभराहून अधिक डॉलर मोजीत होते, ते १३ डॉलरांसाठीं कां रुसले? अमेरिकेंतला पाहुणा असो वा खालापूरचा, त्याच्या तक्रारींत चार निरनिराळे सूर ऐकूं येतात.

पहिला सूर हिशेबी गृहस्थाचा. त्यानें घरीं बसून कागदावर सहलीचा खर्च मांडलेला असतो: तिकिटें इतकीं, खोली इतकी, जेवण इतकें. मुक्कामीं पोंचल्यावर नवी रक्कम पुढें आली कीं त्याचा अंदाज चुकतो. त्याची तक्रार भाड्याबद्दल नसते. तें आधीं सांगितलें नाहीं याबद्दल असते. दुसरा सूर मानी माणसाचा. त्याला वाटतें, घरीं जेवावयास बोलावून दाराशीं काढलेल्या वहाणांचें भाडें मागावें तसा हा प्रकार आहे. तिसरा सूर अडलेल्याचा. स्थानक दूर, रात्रीं परतीची सोय नाहीं; मोटार आणल्यावांचून ज्याला गत्यंतरच नव्हतें, त्याला हें भाडें ऐच्छिक आहे असें सांगणें म्हणजे त्याची थट्टा आहे. आणि चौथा सूर, जो फारसा कानीं पडत नाहीं, तो लोकलनें येऊन रिक्षानें हॉटेल गांठणाऱ्याचा. मोटारीची जागा सर्वांना फुकट असेल, तर तिचा खर्च सर्वांच्याच खोलीभाड्यांत मुरतो. मग ज्यानें मोटार आणलीच नाहीं त्यानें दुसऱ्याच्या मोटारीचा भार कां वाहावा, असें तो विचारतो.

हा चौथा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. एक मोटार नुसती उभी राहण्यास सुमारें अडीच मीटर रुंद आणि पांच मीटर लांब जागा लागते. पण ती आंत यावी, वळावी, बाहेर पडावी, यासाठीं वाट सोडावी लागते. नगररचनाकार उघड्या मोटारतळावर दर मोटारीमागें सुमारें २३ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २५० चौरस फूट जमीन धरतात. हॉटेलांतील लहानशा खोलीएवढीच ही जागा झाली. म्हणजे मोटार वैरण खात नसली तरी जमीन खाते. ज्या तालुक्यांत काल भातशेती होती आणि आज गुंठ्याचा भाव ऐकून शेतकरीहि चकित होतो, तेथें ही भूक कांहीं स्वस्तांत भागत नाहीं. तेव्हां यजमानानें भाडें मागणें हा अन्याय आहे, असें सरसकट म्हणतां येत नाहीं.

परंतु भाडें घेतलें कीं जबाबदारीहि आलीच. दिल्लींतील एका पंचतारांकित हॉटेलांत १९९८ सालीं एका पाहुण्यानें मोटारीची किल्ली हॉटेलच्या माणसाच्या स्वाधीन केली. रात्रीं परत येऊन पाहतो तों मोटार दुसऱ्याच कोणी पळविलेली. पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असें छापलें होतें. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजीं निकाल लागला. हॉटेलनें किल्ली घेतली म्हणजे मोटार विश्वासानें ठेवून घेतली. योग्य काळजी घेतल्याचें सिद्ध केल्यावांचून नुसत्या छापील वाक्यामागें त्याला लपतां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. मोटार ठेवण्याची सोय फुकट होती, हा बचावहि टिकला नाहीं. कारण खोलीच्या आणि जेवणाच्या भारी दरांतच त्या सोयीचा मोबदला आलेला असतो, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें.

या निकालांतलें मर्म असें कीं, हॉटेलांत फुकट असें कांहीं नसतेंच. प्रश्न एवढाच उरतो कीं मोबदला उघड घ्यावयाचा कीं झांकून. आणि उघड घ्यावयाचा तर तो केव्हां सांगावयाचा? प्रथम थोडी किंमत दाखवून गिऱ्हाइकाला आंत ओढावयाचें आणि मग टप्प्याटप्प्यानें एकेक आकार चढवीत न्यावयाचें, या युक्तीची दखल आपल्या कायद्यानेंहि घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, इंटरनेटवरील व्यवहारांपुरती, गिऱ्हाइकाला फसविणाऱ्या १३ प्रकारांत तिची गणना केली आहे. चार आण्यांची कोंबडी दाखवावयाची आणि बारा आण्यांचा मसाला मागाहून सांगावयाचा, हाच तो प्रकार.

देवळाबाहेर वहाणा सांभाळणाऱ्या माणसाला भाविक बिनतक्रार पैसे देतो. तो माणूस समोर बसलेला दिसतो. तो काय राखतो हें दिसतें. आणि किती द्यावयाचे हें पायरी चढण्यापूर्वींच ठाऊक असतें. मोटारीच्या रात्रभाड्यालाहि हीच कसोटी लावावी. तें आधीं सांगितलें आहे काय, आणि त्याच्या बदल्यांत पाहुण्याला कांहीं मिळतें काय?

या कसोटीचें उत्तम उदाहरण कर्जत तालुक्यांतच आहे, तें माथेरानचें. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्यामुळें हा डोंगर प्रसिद्धीस आला, आणि १९०७ सालीं नेरळहून दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी वर गेली. गांवांत मोटारींना बंदी आहे. २००३ सालीं केंद्र सरकारनें हा मुलूख पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हांपासून या शिस्तीला अधिकच बळ आलें. नेरळहून घाटानें आलेला पाहुणा दस्तुरी नाक्यावर मोटार सोडतो, तिच्या मुक्कामाचें भाडें देतो, नगरपरिषदेचा माणशीं प्रवेशकर भरतो. आणि मग पायीं, घोड्यावर अथवा अमन लॉज स्थानकावरून छोट्या गाडीनें पुढें जातो. ‘दस्तुरी’ या शब्दाचा मराठींतला एक अर्थच मुळीं रूढीनें द्यावयाची रक्कम असा आहे. नाक्याला नांव कशावरूनहि पडलें असो, योग मात्र गमतीचा आहे.

येथें पाहुण्याला पैसे पडतात आणि वर पायपीटहि पडते. तरी तो सहसा रुसत नाहीं. कारण त्या भाड्यानें काय विकत घेतलें हें त्याला त्याच रात्रीं कळतें. लाल मातीच्या वाटेवर मुलें मोकळीं धांवतात, भोंगा वाजत नाहीं, आणि अंथरुणावर पडल्यावर रातकिड्यांचा आवाज ऐकूं येतो. मोटार नाक्यावर राहिली म्हणून हें सुख मिळालें, हें त्याला कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

मात्र याच नाक्यावर माहिती झांकली गेली तेव्हां काय झालें, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. छोटी गाडी आणि इतर सोयी उपलब्ध असतांनाहि त्या नाहींत असें सांगून कांहीं मध्यस्थ पाहुण्यांकडून जास्त पैसे उकळतात, अशा तक्रारी वाढत गेल्या. अखेर माथेरानच्या रहिवाशांनीं आणि व्यावसायिकांनींच १८ मार्च २०२५ पासून गांव बंद ठेवण्याचें आंदोलन पुकारलें, आणि शासकीय अधिकाऱ्यांशीं बोलणीं झाल्यावर तें मागें घेतलें. नाक्यावर फसलेला पाहुणा परत येत नाहीं आणि त्याचा तोटा साऱ्या गांवाला भोगावा लागतो, हें तेथील दुकानदाराला आणि खानावळवाल्याला पुरतें उमगलें होतें. रात्रीचें मोटारभाडें लपविणाऱ्या हॉटेलवाल्यानें हा धडा घेण्यासारखा आहे.

या साऱ्या वादांत एका माणसाचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. तो भाड्याच्या मोटारीचा चालक. कुटुंब खोलींत निजतें, मोटार तळावर उभी राहते, आणि चालक बहुतेक ठिकाणीं तिच्यांतच पाय दुमडून पडतो. खोपोलीकडचा आषाढांतला पाऊस असा कीं कांचा उघड्या ठेवाव्या तर पाणी आंत, बंद कराव्या तर जीव गुदमरतो. डांसांची तर गोष्टच नको. कांहीं हॉटेलांत चालकांसाठीं निजण्याची खोली आणि न्हाणीघर असतें, पुष्कळ ठिकाणीं नसतें. दुसऱ्या दिवशीं हाच माणूस सबंध कुटुंबाचा जीव हातीं घेऊन द्रुतगती मार्गावरून गाडी हांकणार असतो. जुना मुक्काम बैलाच्या विसाव्याचीहि काळजी घेत असे. नवा मुक्काम मोटारीला जागा देतो आणि ती चालविणाऱ्याला विसरतो.

म्हणून खोलीचें आरक्षण करतांना गृहस्थानें तीन प्रश्न अवश्य विचारावे. मोटारीचें रात्रभाडें निराळें आहे काय आणि किती? मोटार हरवली वा मोडली तर जबाबदार कोण? आणि चालकाला निजावयास जागा कोठें आहे? हॉटेलवाल्यानेंहि या तिन्ही गोष्टी दरपत्रकावर खोलीच्या भाड्याशेजारींच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापाव्या. मोटार न आणणाऱ्याला खोलीच्या भाड्यांत थोडी सूट मिळाली, तर लोकलनें येणाऱ्याचेंहि समाधान होईल. इतकें झाल्यावर शंभर रुपये मागितले तरी कोणी हुज्जत घालणार नाहीं. आणि त्या शंभरांतून मोटारतळाच्या कडेला एक पक्कें छप्पर, चार खाटा आणि एक नळ एवढी सोय झाली, तर उतरलेल्या कुटुंबालाहि दुसऱ्या दिवशींचा प्रवास निर्धास्तपणें करतां येईल.