पाठीचे दुखणे अंगावर काढू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मज्जारज्जूच्या कर्करोगी गाठी आणि त्यांवरील शस्त्रक्रिया हा आजचा विषय कोणाला रुक्ष वाटेल. पण पावसात दिवसभर रोपलावणीला वाकणाऱ्या आणि डोक्यावरून जळण वाहणाऱ्या आपल्या राधानगरीच्या बायकांत पाठ दुखत नाही अशी कोण आहे? यांतली बहुतेक दुखणी साधीच असतात. म्हणूनच एखादे साधे नसले तर ते ओळखू येत नाही, आणि पोरांकडून पाठ तुडवून घेण्यात व पायाळू माणसाची लाथ खाण्यात मोलाचे दिवस निघून जातात.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून मणक्यांच्या पोकळीतून कमरेच्या वरच्या भागापर्यंत आलेली, करंगळीएवढी जाड आणि सुमारे दीड फूट लांब दोरी. हातापायांना मेंदूचा निरोप हिच्यातूनच जातो. पोकळी हाडांची, म्हणून आत गाठ वाढली की दोरी चेपते.

अशा गाठी दोन तऱ्हेच्या. काही खुद्द रज्जूतच उगवतात. त्या क्वचित आढळतात. अधिक आढळतात त्या दुसरीकडच्या कर्करोगाच्या. स्तनांचा किंवा फुफ्फुसाचा कर्करोग रक्तातून मणक्यांत येतो आणि बाहेरून रज्जू दाबतो.

१८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले यांनी मज्जारज्जूवर दाब आणणारी गाठ प्रथम यशस्वीपणे काढली. ती गाठ कर्करोगाची नव्हती. पण लुळा पडलेला तो रोगी पुन्हा चालू लागला, आणि या भागाला सुरी लावता येते हे जगाला पटले. आपल्या देशात १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी, आणि पुढे १९५० नंतरच्या दशकात मुंबईत डॉ. राम गिंडे व डॉ. होमी दस्तूर यांनी मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला.

आज एम.आर.आय. तपासणीत गाठ नेमकी कोठे आहे ते आधीच दिसते. शल्यविशारद मणक्याची मागची कमान काढतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत गाठ अलग करतात. हातापायांकडे जाणारे निरोप शाबूत आहेत ना, हे त्या वेळी विजेच्या यंत्रावर पाहता येते. गाठीला स्वतःची कड असेल तर ती पुष्कळदा पूर्ण निघते. दुधात पाणी मिसळावे तशी ती रज्जूत मिसळली असेल, तर सगळी काढण्याचा हट्ट पाय घालवतो. मग तुकडा तपासणीस घेऊन, दाब हलका करून, पुढे किरणोपचार करतात. मणका पोखरला असेल तर धातूचे स्क्रू व सळ्या घालून आधार देतात.

२००५ साली अमेरिकेतील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाहेरून पसरलेल्या कर्करोगाने रज्जू दाबलेल्या निवडक रोग्यांत, शस्त्रक्रिया करून मग किरणोपचार दिलेल्या ५० पैकी ४२ जण उपचारानंतर चालू शकले. नुसते किरणोपचार दिलेल्या ५१ पैकी २९. मात्र आधीच पाय गेलेल्यांत शस्त्रक्रियेनंतरही १६ पैकी १० जणच चालू शकले. अर्थ उघड आहे : जी पायांनी चालत दवाखान्यात जाते, तिचे पाय राखणे सोपे. या शस्त्रक्रियेने कर्करोग समूळ जातोच असे नाही. पण उरलेले आयुष्य अंथरुणावर काढावे लागणे आणि स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे, यांतले अंतर बाईमाणसाला सांगावे लागत नाही.

तर भगिनींनो, खुणा ध्यानात ठेवा. आडवे पडल्यावर किंवा रात्री वाढणारी पाठदुखी. छातीपोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे. पायांत मुंग्या, बधिरपणा. चालताना पाय अडखळणे. लघवी अडणे किंवा न कळत होणे. ज्या बाईला पूर्वी स्तनांचा कर्करोग होऊन गेला आहे, तिने नवी पाठदुखी आठवडाभरही अंगावर काढू नये. पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी निघावे. अशी पाठ रगडून किंवा तुडवून घेऊ नये. पोखरलेला मणका त्याने मोडू शकतो.

कोल्हापूर येथून पन्नासएक किलोमीटरवर आहे. तातडीला १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या व मज्जारज्जूच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा.

"लावणी उरकू दे, मग दाखवते," असे आपण म्हणतो. लावणी चार बायका मिळून उरकतील. शेजारणीचे पाऊल अडखळताना दिसले, तर तिच्याबरोबर गाडीत बसणारी एक बाई या मंडळातून निघावी, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेते.