घड्याळाबाहेरची शर्यत

वेगाच्या बहुतेक खेळांत घड्याळाचा शब्द अखेरचा असतो. धावणारा कोणत्या देशाचा, त्याच्या शेजारी कोण होते, प्रेक्षकांनी कोणाच्या नावाचा घोष केला, याची घड्याळाला फिकीर नसते. परंतु बर्फावरील शर्यतींचा एक प्रकार असा आहे की जेथे घड्याळ चालू असते, आकडे नोंदले जातात, विक्रमही होतात. आणि तरीही निकाल त्या आकड्यांवर ठरत नाही. ‘शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग’ हे त्याचे नाव. या खेळात स्त्रियांनी गेल्या तीनचार दशकांत जे मिळविले आणि जे गमावले, ते केवळ वेळांच्या कोष्टकावरून समजण्यासारखे नाही.

आपल्याकडे सिमल्याला १९२० सालापासून नैसर्गिक थंडीने गोठलेल्या मैदानावर स्केटिंग चालत आले आहे, आणि देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने बंदिस्त बर्फगृहही उभे राहिले. एवढे सोडले तर हा खेळ बहुतेक भारतीयांना परकाच. म्हणून त्याचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे. थंड देशांतील स्केटिंगच्या शर्यतीचा जुना आणि प्रतिष्ठित प्रकार चारशे मीटरांच्या लंबवर्तुळावरचा. तेथे दोघेच स्पर्धक आपापल्या आखलेल्या पट्टीतून धावतात. खरी झुंज घड्याळाशी असते. शॉर्ट ट्रॅकचे मैदान मात्र अवघे ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. त्यावरचा एक फेरा १११.१२ मीटरांचा. पट्ट्या आखलेल्या नसतात. वळणांवर रबराचे काळे ठोकळे मांडलेले असतात, आणि त्यांच्या आतून जाण्यास मनाई असते. चौघी, पाचजणी, कधी त्याहूनही अधिक स्पर्धक एकदम सुटतात. आधी पोहोचणाऱ्या पुढच्या फेरीत जातात. मग त्यांना कितीही वेळ लागो.

हा प्रकार मुख्यतः उत्तर अमेरिकेत वाढला. १९३२ साली लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये यजमानांनी पुरुषांच्या शर्यती सर्वांना एकदम सोडण्याच्या आपल्या पद्धतीने घेतल्या, चारही सुवर्णपदके आपल्याकडेच ठेवली, आणि युरोपीय स्पर्धकांना ही रीत मुळीच रुचली नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने शॉर्ट ट्रॅकला मान्यता दिली ती १९६७ साली. १९८८ मध्ये कॅलगरीला हा खेळ प्रदर्शनापुरता झाला. १९९२ मध्ये आल्बेरव्हीलला त्याची पदके प्रथमच देण्यात आली. त्या वेळी स्त्रियांसाठी दोनच शर्यती होत्या: ५०० मीटरची वैयक्तिक आणि ३,००० मीटरची रिले.

पाचशे मीटर म्हणजे साडेचार फेरे. उत्तम स्पर्धक स्त्री ते सुमारे ४२ सेकंदांत पुरे करते. जगातील श्रेष्ठ धावपटू स्त्रीलाही जमिनीवर चारशे मीटर धावण्यास ४७ सेकंदांहून अधिक लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे वेगाची कल्पना येईल. असा वेग घेऊन इतके आखूड वळण घ्यायचे तर शरीर आत झोकून द्यावे लागते. डावा हात बर्फाला टेकतो; म्हणून त्या हातमोज्याच्या बोटांना कठीण, गुळगुळीत टोपणे बसविलेली असतात. बुटाखालचे पातेही मध्यावर नसते; ते डावीकडे सरकविलेले आणि वळणाच्या दिशेने किंचित वाकविलेले असते. डोक्याला शिरस्त्राण, गळ्याला पट्टा, अंगात धारेने न कापणारा पोशाख आणि मैदानाभोवती जाड गाद्यांची भिंत. ही सारी तरतूद पडणाऱ्यांसाठी आहे, आणि येथे पडणे हा अपवाद नाही.

रिले ही या खेळातील सर्वांत गोंधळाची आणि सर्वांत सुंदर शर्यत. सत्तावीस फेरे, संघात चौघी. हाती देण्याची काठी वगैरे काही नसते. एक धावत असते तेव्हा उरलेल्या तिघी आतल्या बाजूस फिरत असतात. पाळी येताच पुढची मार्गावर शिरून खाली वाकते आणि मागून येणारी दोन्ही हातांनी तिला कमरेखाली ढकलते. आपला सारा वेग असा दुसरीच्या अंगात ओतून ती बाजूला होते. साधारण दर दीड फेऱ्याला ही देवघेव होते. अखेरचे दोन फेरे मात्र एकीनेच धावायचे असतात. चार संघ म्हणजे त्या लहानशा बर्फावर एकाच वेळी सोळा स्त्रिया! वाहतुकीचा पोलीसही जेथे शिट्टी टाकून देईल, तेथे या मुली एकमेकींच्या पावलांवर भरवसा ठेवून धावतात.

१० फेब्रुवारी २०१८ रोजी दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे ऑलिंपिकच्या रिलेची प्राथमिक शर्यत चालू असताना यजमान संघाची ली यू-बिन पडली. वीसहून अधिक फेरे शिल्लक होते. इतर संघ सुमारे अर्धा फेरा पुढे निघून गेले. पडल्या जागेवरून तिने हात लांब केला, चोई मिन-जंगने त्याला स्पर्श केला आणि ती सुटली. कोरियाने ती शर्यत नुसती जिंकली नाही, तर ऑलिंपिक विक्रमासह जिंकली. दहा दिवसांनी अंतिम शर्यत झाली. तीत कोरियाची आणखी एक खेळाडू पडली. शेवटच्या दोन फेऱ्यांत चोईने चीनच्या फान केशिनला मागे टाकले. मग पंच चित्रफीत पाहत बसले. अखेर चीन आणि कॅनडा हे दोन्ही संघ नियमभंगाबद्दल बाद झाले. इटलीला रौप्यपदक मिळाले. पण कांस्यपदक कोणाचे? नेदरलँड्सच्या चौघींचे. त्या या अंतिम शर्यतीत नव्हत्याच! उरलेल्या संघांसाठी त्याच संध्याकाळी आधी घेतलेल्या ‘ब’ शर्यतीत त्या धावल्या होत्या, आणि तेथे त्यांनी ४ मिनिटे ३.४७१ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. कोरियाची सुवर्णपदकाची वेळ ४ मिनिटे ७.३६१ सेकंद. म्हणजे जवळजवळ चार सेकंदांनी वेगवान संघ तिसरा, आणि तोही इतर दोघे बाद झाले म्हणून. तथापि याला अन्याय म्हणता येत नाही. ज्या बर्फावर कोणी आडवे येत नाही तेथील वेग आणि जेथे तीन संघ वाट अडवून आहेत तेथील वेग, हे एका मापाने मोजण्याचे पदार्थ नव्हेत.

आपल्या भाषेत कर्तबगारीला पुरुषार्थ म्हणण्याची रूढी आहे, आणि दैवाशी त्याची जोडी लावण्याचीही. येथे तो शब्द अडचणीचा ठरतो, जोडी मात्र अचूक लागू पडते. १९९२ च्या पहिल्या ५०० मीटर शर्यतीत अमेरिकेच्या कॅथी टर्नरने चीनच्या ली यानला ०.०४ सेकंदाने हरविले. टर्नर मध्यंतरी काही वर्षे हा खेळ सोडून गाण्याच्या व्यवसायात रमली होती. दोन वर्षांनी तीच पुन्हा जिंकली तेव्हा तिने पाय धरल्याचा आरोप करून चीनची झांग यानमेई पदकमंचावरून उतरून निघून गेली. ली यानने वेगळी वाट धरली. ती प्रशिक्षक झाली. आधी अमेरिकेच्या आणि नंतर आपल्या देशाच्या संघाची. २०१० साली व्हँकुव्हरला तिच्या शिष्यांनी स्त्रियांची चारही सुवर्णपदके जिंकली. त्यांतील रिलेचे पदक पुन्हा पंचांच्या निर्णयाने आलेले: आधी पोहोचलेला कोरियाचा संघ टक्कर दिल्याबद्दल बाद ठरला होता. १९९४ ते २०१८ या काळातील सात ऑलिंपिक स्पर्धांत कोरियाने ही रिले सहा वेळा जिंकली. हुकली ती एवढीच.

कोरियाच्या या वर्चस्वाला दुसरी बाजू आहे. १९९४ च्या विजयी संघातील किम युन-मी अवघी १३ वर्षांची होती. इतक्या कोवळ्या वयात मुली प्रशिक्षकाच्या ताब्यात जातात, तेव्हा त्याच्यावर नजर कोणाची, हा प्रश्न पदकांच्या झगमगाटात बराच काळ कोणी विचारला नाही. २०१४ आणि २०१८ च्या सुवर्णविजेत्या संघांतील शिम सक-हीने २०१९ साली आपल्या माजी प्रशिक्षकावर लैंगिक अत्याचाराचा उघड आरोप केला, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दीर्घ कारावासाची शिक्षा दिली. बर्फावर पडण्याहून हे बोलणे अधिक धैर्याचे होते.

ब्रिटनच्या एलिस ख्रिस्तीची कथा ऐकताना मात्र कोणालाही दैवाचा राग यावा. २०१४ मध्ये सोचीला ५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत पहिल्याच फेऱ्यात तिघी एकमेकींवर कोसळल्या. सर्वांत मागे असलेली चीनची ली जियानरोउ त्यांना ओलांडून आरामात सुवर्णपदकाकडे गेली, आणि दोष ख्रिस्तीच्या माथी आला. उरलेल्या दोन्ही शर्यतींतही ती बाद झाली. त्यावर परदेशी खेळरसिकांनी तिला धमक्या पाठविल्या. पुढे २०१७ साली रॉटरडॅमला ती सर्वंकष जगज्जेती झाली. पण २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये एका शर्यतीत पडली, दुसरीत आपटून इस्पितळात गेली, आणि तिसरीत दुखऱ्या घोट्याने धावून दुसरी आली तर पंचांनी पुन्हा बाद केले. त्याच स्पर्धेत चोई बाद झाल्यामुळे कांस्यपदक मिळालेल्या कॅनडाच्या किम बुतँलाही धमक्यांचे असेच शेकडो निरोप आले. निकाल पंचांनी द्यावा आणि शिव्या मात्र शेजारच्या मुलीने खाव्यात, ही देशभक्तीची फारच स्वस्त तऱ्हा झाली.

सोचीला कोसळलेल्या त्या तिघींत इटलीची आरिआना फोंतानाही होती. उठून तिने रौप्यपदक गाठले. २००६ मध्ये तूरिनला पहिले पदक मिळाले तेव्हा ती १५ वर्षांची होती. ५०० मीटरमध्ये २०१० ला कांस्य, २०१४ ला रौप्य, २०१८ ला सुवर्ण. आणि २०२२ मध्ये बीजिंगला वयाच्या ३१ व्या वर्षी पुन्हा सुवर्ण. त्या स्पर्धेअखेर तिची ऑलिंपिक पदके ११ झाली. तोपर्यंत या खेळात इतकी पदके स्त्रीपुरुषांत कोणालाच मिळाली नव्हती. सोळा वर्षे टक्करी, पडझड आणि पंचांचे निर्णय यांच्यामधून तिने वाट काढली. केवळ नशिबाने हे होत नाही. कोठे जागा उघडेल याचा अंदाज आणि ती उघडेपर्यंत थांबण्याची तयारी ज्याला असते, त्याच्याकडे नशीबही वारंवार फिरकते, असे तिच्याकडे पाहून वाटते.

आणि त्या डच मुली? विश्वविक्रम करून तिसऱ्या आलेल्या त्या चौघींपैकी योरीन टेर मोर्सने त्याच स्पर्धेत लांब फेऱ्याच्या स्केटिंगमध्ये सुवर्णपदक मिळविले होते. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन निराळ्या खेळांत पदके घेणारी ती पहिली स्त्री. लारा फान राउफेन २०१९ साली ५०० मीटरची जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी फ्रान्समधील सराव शिबिरात ती आजारी पडली आणि जुलै २०२० मध्ये २७ व्या वर्षी वारली. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगच्या अंतिम शर्यतीत नेदरलँड्सच्या संघात जुन्यांपैकी सुझान स्खुल्टिंग आणि यारा फान केर्कोफ या दोघी होत्या. सोबत सेल्मा पाउत्स्मा आणि झांड्रा फेल्झेबूर या दोन नव्या. या वेळी त्यांनी ४ मिनिटे ३.४०९ सेकंदांत शर्यत पुरी केली. समोर कोरिया होता, चीन होता, आणि वाट अडवायला सगळेच होते. कोणी बाद व्हायची वाट त्यांना पाहावी लागली नाही.