औद्योगिक अभियांत्रिकी आणि बीडचा कोयता



बारावीचा निकाल लागला कीं आपल्या जिल्ह्यांतील घराघरांतून एकच विचार सुरू होतो : मुलाला किंवा मुलीला कोणत्या शाखेस घालावें ? स्थापत्य म्हणजे इमारती आणि पूल, यांत्रिक म्हणजे यंत्रें, विद्युत् म्हणजे वीज, इतकें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्याच यादींत 'औद्योगिक अभियांत्रिकी' असें एक नांव येतें आणि तेथें मात्र वाचणाऱ्याचें बोट थबकतें. ही शाखा नेमकी कशाची ? तिच्यांत शिकवितात तरी काय ? ह्या प्रश्नाचें उत्तर आज द्यावयाचें आहे. आणि तें दूरच्या एखाद्या मोटारींच्या कारखान्यांतून न आणतां, आपल्या जिल्ह्यांतील लाखों माणसांच्या हातीं असलेल्या कोयत्यावरून द्यावें, असें मीं योजिलें आहे.

इतर शाखा वस्तु कशी बनवावी हें शिकवितात. ही शाखा काम कसें चालावें हें शिकविते. माणूस, यंत्र, माल, वेळ आणि पैसा हीं एकत्र आलीं म्हणजे जी व्यवस्था उभी राहते, तिचें मोजमाप करणें व ती सुधारणें हा हिचा विषय. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया स्टेट कॉलेजांत ह्यूगो डीमर ह्यांनीं १९०८ च्या सुमारास ह्या विषयाचें पदवीचें शिक्षण सुरू केलें. आपल्याकडे मुंबईस १९६३ सालीं ह्या विषयाची राष्ट्रीय प्रशिक्षणसंस्था स्थापन झाली. २०२३ पासून ती भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या नांवानें ओळखली जाते. नागपूरच्या रामदेवबाबा महाविद्यालयानें ह्याच नांवाची पदवी शिकविली, आणि आपल्या शेजारीं नांदेडच्या श्रीगुरुगोविंदसिंहजी संस्थेंत उत्पादन अभियांत्रिकी ही हिची सख्खी बहीण शिकविली गेली.

चार वर्षांपैकीं पहिलें वर्ष इतर शाखांसारखेंच : गणित, पदार्थविज्ञान, आरेखन आणि कर्मशाळा. पुढें धातु, उत्पादनाच्या पद्धति आणि संख्याशास्त्र हीं येतात. त्यानंतर ह्या शाखेचे खास विषय सुरू होतात : कामाचा अभ्यास, रांगांचें गणित, मालसाठ्याचा हिशेब, गुणवत्ता-नियंत्रण, मानवी शरीरास कामाची सोय पाहणारें शास्त्र, आणि शेवटीं कारखान्याची मांडणी. ह्यांपैकीं तीनच विषय आज आपण पाहूं.

पहिला विषय रांगेचा. गळिताच्या हंगामांत साखर कारखान्याच्या आवारांत उसाच्या गाड्या रात्ररात्र गव्हाणीकडे तोंड करून उभ्या असतात, हें आपण जाणतां. ऊस तुटल्यापासून त्याचें वजन आणि त्यांतील साखर हीं दोन्हीं घटूं लागतात. म्हणून तो शक्य तों एका दिवसाच्या आंत गाळला जावा, असा सर्वमान्य दंडक आहे. ह्या रांगेचें एक साधें सूत्र जॉन लिट्ल ह्यांनीं १९६१ सालीं सिद्ध केलें. तासाला सरासरी जितक्या गाड्या येतात, त्या संख्येला एका गाडीच्या सरासरी खोळंब्यानें गुणिलें म्हणजे आवारांत सरासरी किती गाड्या उभ्या राहतील तें निघतें. उदाहरणादाखल, तासाला वीस गाड्या येत असतील आणि प्रत्येकीस सहा तास थांबावें लागत असेल, तर केव्हांही पाहिलें तरी सुमारें एकशेंवीस गाड्या उभ्या दिसतील. त्या कमी करावयाच्या तर फडांतील तोडणीचा कार्यक्रमच असा आंखिला पाहिजे, कीं गाड्या थव्याथव्यानें न येतां गव्हाणीच्या गतीनें येतील. हें गणित दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास येतें. मग तें सर्वत्र वापरलें कां जात नाहीं ? मजुरी टनावर असल्यामुळें खोळंब्याच्या तासांचा दाम कोणास द्यावा लागत नाहीं, हें त्याचें एक मोठें कारण आहे. ज्याचा वेळ वायां जातो, त्याच्या हातीं वेळापत्रक नसतें.

दुसरा विषय कामाच्या अभ्यासाचा. फ्रँक गिलब्रेथ ह्यांनीं गवंड्याचें काम बारकाईनें पाहिलें, आणि एक वीट बसविण्यास लागणाऱ्या अठरा हालचाली त्यांनीं पांचांवर आणल्या. तोडणीचेंही असेंच पृथक्करण करतां येईल : बुडख्याशीं वांकून घाव घालणें, पाचट काढणें, वाढें तोडणें, मोळी बांधणें, ती डोक्यावर घेऊन चालणें, आणि फळीवरून तोल सांभाळीत वर चढून ती गाडींत टाकणें. पृथक्करणास बसलेला विद्यार्थी प्रथम विचारील, कीं येथें मोजण्याचें एकक कोणतें ? उत्तर येईल, 'कोयता.' आणि कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल त्या जोडीला मिळते आणि टनाचा हिशेबही त्या जोडीचाच होतो. दोघांचें काम एका नांवाखालीं गेल्यामुळें बाईनें किती ऊस सोलला, किती मोळ्या वाहिल्या, आणि पहांटे कोपींत भाकऱ्या थापण्यास किती वेळ दिला, ह्याचा रकानाच वहींत नाहीं. जें मोजलें जात नाहीं तें सुधारतां येत नाहीं, हें ह्या शास्त्राचें पहिलें सूत्र आहे.

तिसरा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही कामाचा प्रमाणवेळ काढतांना विद्यार्थी घड्याळ लावून काम मोजतो, कामगाराच्या गतीप्रमाणें तें माप दुरुस्त करतो, आणि मग त्यांत विश्रांतीची सवलत मिळवितो. ही सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे. ती सूत्राचा भाग आहे, आणि ती न धरल्यास उत्तर चूक ठरतें. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या पाठ्यपुस्तकांतील प्रसिद्ध कोष्टकांत शारीरिक गरजांसाठीं पुरुषांस ५ टक्के आणि स्त्रियांस ७ टक्के, व मूळ थकव्यासाठीं दोघांसही ४ टक्के वेळ धरिला आहे. ओझें, उन्हाळा, वांकून करावयाचें काम ह्यांसाठीं आणखी भर वेगळी. फ्रेडरिक टेलर ह्यांना कामगारांचा कैवारी कोणीच म्हणणार नाहीं. परंतु १९११ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनींही लिहिलें, कीं ९२ पौंडांचे लोखंडी ठोकळे वाहणाऱ्या पहिल्या प्रतीच्या मजुराच्याही अंगावर दिवसाचा ४३ टक्केच वेळ ओझें असूं शकतें. उरलेला ५७ टक्के वेळ तो मोकळा पाहिजे. तसेंच अमेरिकेंतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या सुधारित सूत्राप्रमाणें, परिस्थिति सर्वथा अनुकूल असली तरी हातांनीं उचलण्याचें वजन २३ किलोंहून अधिक नसावें. एखादी मोळी कांट्यावर ठेवून तिची ह्या आंकड्याशीं तुलना करावी, इतकेंच मी सुचवितों.

आतां फडांत ही सवलत कोठें आहे ? तेथें सवलतीच्या जागीं 'खाडा' आहे. एक दिवस काम चुकलें तर मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो. आजारपण, बाळंतपण, मासिक पाळी, ह्यांतील कशासही हिशेबांत जागा नाहीं. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हां त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांवर गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली असल्याचें आढळलें. त्याच वर्षीं नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमितीही नेमली गेली. ह्या शस्त्रक्रियांचीं कारणें अनेक आहेत. कर्करोगाची भीति, दवाखान्यांत मिळणारा सल्ला, लहान वयांतील लग्नें, शौचालय व पाणी ह्यांचा अभाव, हीं सर्व त्यांत येतात. तथापि खाड्याचें भय हें त्यांतील एक आहे, हें त्या स्त्रियांनींच पुनःपुन्हां सांगितलें आहे. ज्या हिशेबांत विश्रांतीची टक्केवारी धरलेली नसते, तेथें ती तूट शरीरांतून वसूल होते.

जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली. ती हवीच होती. परंतु दर हें एका टनाचें मोल आहे. तो टन किती तासांचा, किती ओझ्याचा आणि कोणाच्या डोक्यावरचा, हें दरावरून कळत नाहीं. तें काढण्यास मोजणारा माणूस लागतो.

येथें एक इशारा दिला पाहिजे. घड्याळ हें दुधारी हत्यार आहे. अमेरिकेंत वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारांत १९११ सालीं घड्याळानें काम मोजूं लागतांच ओतारी कामगारांनीं संप केला, आणि पुढें तेथील विधिमंडळानें सरकारी शस्त्रागारांत त्या पद्धतीवर बंदीच घातली. मोजमाप मजुरास अधिक पळविण्यासाठींही करतां येतें, आणि त्याचा भार उतरविण्यासाठींही करतां येतें. तें कशासाठीं करावयाचें, हें पुस्तकांत लिहिलेलें नसतें. तें मोजणाऱ्यानें ठरवावयाचें असतें.

म्हणून पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी अशा भागांतील विद्यार्थ्यांस माझें सांगणें आहे, कीं ही शाखा आपली नव्हे असें समजूं नका. ज्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून निघतात आणि पट्टा पडल्यावर परततात, त्याला रांग म्हणजे काय, थकवा म्हणजे काय, आणि वायां गेलेला वेळ म्हणजे काय, हें शिकवावें लागत नाहीं. त्याला फक्त त्यांचें गणित शिकावयाचें असतें. आणि पालकांस विनंति एवढीच, कीं मुलगी ही शाखा घेऊं म्हणाली तर तिला अडवूं नका. ह्या शास्त्राच्या पायाभरणींत लिलियन गिलब्रेथ ह्या स्त्रीचा मोठा वाटा आहे. पतीसह थकव्याच्या अभ्यासावर तिनें १९१६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या फडांतील वहींत बाईच्या कामाचा जो रकाना नाहीं, तो आंखण्याचें काम अशाच एखाद्या मुलीच्या हातून व्हावें, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.