कुठे थांबायचं? माझे चार आवडते अल्बम

हेडफोन लावलेत ना? लावा. आजचा भाग ऐकून झाला की लगेच काहीतरी ऐकावंसं वाटेल, तेव्हा शोधाशोध नको.

मी मधूनमधून जुन्या रॉक अल्बमची नावं घेतो आणि मग तुमचे मेसेज येतात, की एकदा सरळ यादीच सांगून टाक. यादी मला जमत नाही, कारण ती दर महिन्याला बदलते. पण चार अल्बम असे आहेत जे माझ्या फोनवरून कधीच उडत नाहीत. स्टोरेज फुल झालं की मी फोटो उडवतो, अ‍ॅप उडवतो, हे चार राहतात. चारही १९७२ ते १९८२ या काळातले, म्हणजे माझ्या जन्माच्या बरेच आधीचे. आणि चारही ऐकताना मला एकच प्रश्न पडतो: एखादी गोष्ट करताना थांबायचं कुठे?

नोकरीत हा प्रश्न माझ्यासाठी दुसरं कुणीतरी सोडवतं. शुक्रवारी रिलीज म्हणजे शुक्रवारी रिलीज. स्वतःच्या कामाला मात्र तारीख नसते, आणि तिथे माझी वाट लागते. कशी, ते शेवटी सांगतो.

पहिला अल्बम ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’, १९८२ चा. तो मला मिळाला हॉस्टेलवर, रूममेटच्या हार्ड डिस्कमधून. जिओ यायच्या आधीचे दिवस, त्यामुळे सगळं संगीत हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर फिरायचं. फोल्डरमध्ये गाणी एबीसीडीच्या क्रमाने लागलेली, आणि आम्ही वर्षभर ती तशीच ऐकली. ‘अटलांटिक सिटी’ पहिलं, ‘यूज्ड कार्स’ शेवटचं. खऱ्या क्रमात शेवट ‘रीझन टू बिलीव्ह’ने होतो, हे नंतर कळलं. खरा क्रम ऐकला तेव्हा वाटलं, आपण कादंबरीची पानं विस्कटून वाचत होतो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, मला कंटाळा आला. एक माणूस, एक गिटार, माउथऑर्गन, आणि मागे बारीकसा खरखराट. मी म्हटलं, “अरे, हे काय, रेकॉर्डिंगच धड नाही.” रूममेट म्हणाला, “गप ऐक.”

त्या खरखराटाची गोष्ट अशी. जानेवारी १९८२ मध्ये स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या आपल्या भाड्याच्या घरात बसला होता. तो तेव्हा ऑलरेडी स्टार होता. नव्या गाण्यांची कच्ची टेप करायची आणि मग बँडला ऐकवून स्टुडिओत नीट रेकॉर्ड करायचं, एवढाच बेत होता. साधन काय, तर टीअ‍ॅक कंपनीचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणि दोन माइक. ती कॅसेट तो नंतर काही आठवडे खिशात घालून फिरत होता, कव्हरसुद्धा नाही! मग बँडसोबत स्टुडिओत तीच गाणी वाजवून पाहिली. बँड म्हणजे ई स्ट्रीट बँड, कच्चे लोक नव्हेत. पण ज्या माणसांच्या त्या गोष्टी होत्या, ती माणसं त्या मोठ्या आवाजात हरवायला लागली. शेवटी कंपनीने ती खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून काढली. त्यावरून रेकॉर्डची तबकडी बनवताना तंत्रज्ञांना घाम फुटला, कारण टेप मुळात त्या कामासाठी केलेलीच नव्हती.

बँडसोबतची त्यातली काही रेकॉर्डिंग २०२५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. मी उत्सुकतेने ऐकली. वाईट अजिबात नाहीत, पण माझं मत कॅसेटलाच. ‘यूज्ड कार्स’ घ्या. एक मुलगा गाडीत बसून बघतोय, बाप जुनी गाडी विकत घेतोय, आणि विकणारा बापाकडे कसा बघतोय तेही त्याला दिसतंय. आमच्याकडे बाबांनी सेकंडहँड मारुती ८०० घेतली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. दलाल बोलत होता आणि बाबा नुसते मान हलवत होते. ते गाणं ड्रम्सच्या दणदणाटात मला नकोच आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कच्चं तेच चांगलं का? थांबा. दुसरा अल्बम बरोबर उलटा आहे.

‘बॉस्टन’ या बँडचा पहिला अल्बम, नावही ‘बॉस्टन’च, साल १९७६. यातला टॉम शोल्झ म्हणजे आपल्यातलाच माणूस. एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला, पोलरॉइड कंपनीत इंजिनिअर. दिवसा नोकरी, रात्री घराच्या तळघरात रेकॉर्डिंग. एकेक गिटार, एकेक सूर घासून पुसून लख्ख केलेला. कंपनीला सगळं पुन्हा प्रोफेशनल स्टुडिओत करून हवं होतं. मग बाकीचा बँड लॉस एंजेलिसला गेला, कंपनीला वाटलं काम तिकडे चाललंय, आणि शोल्झ मात्र आपल्या तळघरातच बहुतेक अल्बम पुरा करत बसला. ही गोष्ट मला इतकी आवडते ना! मॅनेजर एका कॉलवर आणि खरं काम भलत्याच ठिकाणी.

‘मोअर दॅन अ फीलिंग’ चांगल्या हेडफोनवर ऐका. त्या थरांवर थर रचलेल्या गिटारी ऐकल्या की कळतं, घासण्यातही मजा आहे. या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाखांच्या वर प्रती खपल्या. पण पुढे काय झालं? दुसरा अल्बम १९७८ मध्ये आला आणि शोल्झला तो घाईघाईत काढल्यासारखा वाटला. म्हणून तिसऱ्याला त्याने वेळ घेतला. तो आला १९८६ मध्ये. आठ वर्षं! मध्ये कंपनीशी कोर्टकचेरीसुद्धा. तळघरातल्या ज्या हट्टाने पहिला अल्बम दिला, त्याच हट्टाने आठ वर्षं खाल्ली.

तिसरा अल्बम निक ड्रेकचा ‘पिंक मून’, १९७२. इंग्लंडमधला हा पोरगा. आधीच्या दोन अल्बममध्ये व्हायोलिनं, इतर वाद्यं, सगळा साज होता. ते फारसे खपले नाहीत. मग ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या स्टुडिओत दोन रात्री बसून त्याने हा अल्बम केला. सोबत फक्त साउंड इंजिनिअर. आवाज, गिटार आणि एका गाण्यात थोडासा पियानो. सगळा मिळून अर्ध्या तासापेक्षा कमी. तो हयात असताना हाही फारसा कुणी विकत घेतला नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये तो गेला, २६ व्या वर्षी. मी आत्ता २८ चा आहे. पुढे १९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीत हे गाणं वाजलं आणि लोक दुकानात जाऊन त्याचं नाव विचारायला लागले.

लोक म्हणतात, किती दुःखी होता, म्हणून इतकं सुंदर झालं. मला हे पटत नाही, थोडा रागही येतो. गिटारवर त्याची बोटं ऐका. तारा वेगवेगळ्या प्रकारे जुळवलेल्या, तालात एक ठोका इकडचा तिकडे नाही. दोन रात्रींत हे होतं, कारण त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो. दुःखाने त्याला मदत केली नाही, त्रासच दिला. साधेपणा फुकट येत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

चौथा, आणि माझा सगळा सिद्धांत मोडणारा: बॉब डिलनचा ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’. सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला अल्बम पुरा झाला, आवरणं छापून झाली. डिसेंबरात डिलनला वाटलं, नाही, जमलं नाही. मग मिनियापोलिसला स्थानिक वादकांना घेऊन दहापैकी पाच गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. २० जानेवारी १९७५ ला अल्बम बाजारात! आवरणं आधीच छापलेली, त्यामुळे त्या बिचाऱ्या वादकांची नावंसुद्धा त्यावर नव्हती.

‘टँगल्ड अप इन ब्लू’चा नवा टेक जुन्यापेक्षा सरस आहे. त्यात धाव आहे. पण ‘इडियट विंड’चा न्यूयॉर्कमधला टेक, जो २०१८ च्या संग्रहात रीतसर आला, तो ऐकाच. अल्बममध्ये तो माणूस ओरडतोय. जुन्या टेकमध्ये हळू बोलतोय आणि तेच जास्त लागतं. म्हणजे पुन्हा करताना एक मिळालं, एक गेलं. पण डिलनने निवड केली आणि अल्बम सोडून दिला. तीन आठवड्यांत लोकांच्या हातात.

आता माझी गोष्ट. तोच हार्ड डिस्कवाला रूममेट, सांगलीकडचा. तो मराठीत गाणी लिहायचा, कुणाला न सांगता. मे २०१९ मध्ये शेवटची परीक्षा संपल्यावर आम्ही त्याच्या चार गाण्यांचं रेकॉर्डिंग केलं. फोन उशीवर ठेवला, आवाज नको म्हणून पंखा बंद, दोघंही घामाने ओले. मी गिटारवर. तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यात कॉरिडॉरमधून कुणीतरी बोंबललं, “पाणी आलंय रेऽऽ!” आणि पुढच्या ओळीत ह्याचा आवाज हसू दाबताना हलतो.

मी म्हटलं, मी हे साफ करतो. त्या ‘पाणी आलंय’च्या मागे मी सहा-सात वर्षं आहे. नॉइज काढायला गेलो की त्याचा श्वासही जातो. फोल्डरमध्ये ‘फायनल’ आहे, ‘फायनल नवीन’ आहे, ‘खरंच फायनल’ आहे. दरम्यान तो बंगळूरला नोकरीला लागला आणि गाणं सुटलं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. “ती गाणी पाठव ना. आईला ऐकवायचीयेत. मी लिहायचो ते तिला कधी सांगितलंच नाही.” मी काय म्हणालो असेन? “थोडं मिक्सिंग राहिलंय रे.” तो म्हणाला, “अजून?” आणि हसला. तेच हसू, तिसऱ्या गाण्यातलं.

मी स्प्रिंगस्टीन नाही, आणि ती गाणी ‘नेब्रास्का’ नाहीत. पण इतकी वर्षं मी गाणी सुधारत होतो असं म्हणणंही खोटंच. पूर्ण झालं की कुणीतरी ऐकणार, ऐकलं की मत देणार, ते मी टाळत होतो. आणि गाणी तर माझी नव्हतीच, त्याची होती. त्यांना अडवून धरायचा मला काय अधिकार?

काल रात्री पाठवली. ‘खरंच फायनल’ नाही, त्या दिवशीची मूळ चार रेकॉर्डिंग, पाण्यासकट. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.

तर तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: ‘नेब्रास्का’, दिवे बंद करून, शफल बंद करून, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत. साधारण चाळीस मिनिटं लागतात. पहिल्यांदा कंटाळा आला तर घाबरू नका, मलाही आला होता. आणि तुमच्या फोनमध्ये एखादं ‘फायनल नवीन’ पडलं असेल, तर ते कुणाचं आहे आणि कुणाची वाट बघतंय, ते जरा बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा.